माशाला जखम झालीय? निळी बाटली नंतर, आधी पाणी बघा

नवीन टँक लावलेल्या माणसाचं साधारण असं होतं की माशाच्या अंगावर लाल डाग दिसला किंवा शेपटी फाटलेली दिसली की तो घाबरून दुकानात जातो, दुकानदार निळी बाटली (मिथिलीन ब्लू), पिवळी पावडर (जिवाणूवरचं औषध) आणि मिठाचं पाकीट काढून देतो, घरी आल्यावर तिन्ही गोष्टी एकदम टँकमध्ये जातात, आणि दोन-तीन दिवसांत जखमी मासा तर जातोच पण बरोबरचे धडधाकट होते ते पण जातात. मग घरात ठरतं की आपल्याकडे मासे टिकतच नाहीत. टिकतात हो. माशाची साधी जखम स्वच्छ पाण्यात आणि थोड्या मिठात बहुतेक वेळा आपली आपण भरते, औषध लागतं ते मोजक्या वेळेला, आणि तेव्हा नेमकं कुठलं ते कळणं महत्त्वाचं.

खाली जे लिहितोय ते गोड्या पाण्यातल्या माशांसाठी आहे, म्हणजे गोल्डफिश, फायटर, मॉली, गप्पी, एंजल, ऑस्कर वगैरे. समुद्री टँकवाल्यांचं गणित वेगळं. उदाहरण म्हणून गोल्डफिश धरतो कारण सगळ्यात जास्त मार तोच खातो.

१. हात घालायच्या आधी नीट बघा

टँकची लाईट बंद करा, मोबाईलची टॉर्च बाजूने, तिरकी मारा. समोरून मारली तर मासा पळतो आणि काचेवर नुसता चकाकाट दिसतो. तिरक्या उजेडात खवला निघालाय का, जागा नुसती लाल आहे का मांस उघडं पडलंय, त्यावर काही पांढरं चढलंय का, कल्ले दोन्ही बाजूंनी सारखे हलतायत का, हे सगळं स्पष्ट दिसतं. दोन्ही बाजू बघा, पोट पण बघा. आणि एक फोटो काढून ठेवा, रोज त्याच बाजूने काढा, कारण जखम वाढतेय का भरतेय हे रोज बघणाऱ्याला आठवणीवरून कळत नाही, फोटोवरून कळतं.

मासा खातोय का? पोहतोय का? खात असेल आणि फिरत असेल तर तुमच्याकडे वेळ आहे, घाई करू नका. तळाला बसून जोरजोरात श्वास घेत असेल किंवा वर येऊन तोंड उघडत असेल तर आधी एअर पंप वाढवा, बाकीचं मग.

२. पाणी

इथे बरेच जण कंटाळा करतात आणि सगळी गडबड इथेच असते. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो ना, तीच त्याची पहिली ढाल. पाण्यात अमोनिया (माशांच्या घाणीतून आणि सडलेल्या खाण्यातून होतो तो) वाढला की हा थर आणि कल्ले भाजून निघतात, आणि पाण्यात एरवीही असणारे जंतू, जे चांगल्या माशाचं काही वाकडं करू शकत नाहीत, ते खरचटलेल्या जागेतून आत शिरतात. म्हणजे जखम दगडाने झाली तरी ती चिघळते पाण्यामुळे.

टेस्ट किट असेल तर अमोनिया शून्य आणि नायट्राइट शून्य पाहिजे, नायट्रेट ४० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) खाली, २० च्या खाली असेल तर उत्तम. किट नसेल तर घ्या, औषधांच्या चार बाटल्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त आहे. किट येईपर्यंत ३० टक्के पाणी बदला, दुसऱ्या दिवशी परत ३० टक्के. पण महिनोन् महिने पाणी न बदललेला टँक असेल तर एकदम सगळं पाणी उपसून नवीन भरायच्या भानगडीत पडू नका. जुन्या टँकचा पीएच उतरलेला असतो, म्हणजे पाणी आम्लधर्मी झालेलं असतं, आणि त्यात अमोनिया तुलनेने निरुपद्रवी रूपात पडून असतो, एकदम ताजं पाणी ओतलं की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. "पाणी बदललं आणि मासे मेले" ही तक्रार बऱ्याचदा इथून येते. अशा टँकमध्ये थोडं थोडं, १०-१५ टक्के, रोज.

नळाच्या पाण्याला अँटी-क्लोरीन हवंच. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास नेहमीपेक्षा उग्र येतो कधीकधी, तेव्हा तर विसरूच नका. साधं क्लोरीन असेल तर पाणी उघड्या बादलीत एअर स्टोन लावून २४ तास ठेवलं तरी उडून जातं. आणि तापमान, नवीन पाण्यात हात घालून बघा, टँकच्या पाण्याइतकंच लागलं पाहिजे. नाशिक-पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी थेट ओतलं तर मासा आजारी नसला तरी पडेल.

सायफन, म्हणजे पाणी काढायची नळी, तोंडाने ओढू नका, टँकचं पाणी तोंडात जातं. टँकच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जंतू असू शकतो, हाताला कापलेलं असेल तर माणसाच्या कातडीत महिनोन् महिने न भरणाऱ्या गाठी करतो तो. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला, आणि काम झालं की साबणाने कोपरापर्यंत हात धुवा.

३. जखम झाली कशाने?

हे न शोधता इलाज केला तर आठवड्याभरात तीच जखम परत. पहिला संशयित सजावट. प्लॅस्टिकची कडक झाडं, कडा असलेले दगड, ते छोटे किल्ले आणि जहाजं. नायलॉनचा जुना मोजा त्यावरून फिरवा, मोजा अडकला की माशाची शेपटी पण अडकणार. डोळे बाहेर आलेल्या काळ्या मूरसाठी (गोल्डफिशचाच एक प्रकार) तर टँक जवळजवळ मोकळाच बरा.

दुसरा संशयित शेजारी. टायगर बार्ब लांब शेपटीवाल्यांची शेपटी कुरतडतात. आणि तो सकर, ज्याला दुकानात "टँक क्लीनर" म्हणून विकतात, तो मोठा झाला की शेवाळ सोडून रात्री गोल्डफिशच्या अंगाला चिकटतो आणि अंगावरचा चिकट थर खातो. सकाळी गोल्डफिशच्या कुशीला गोल, खवले विस्कटलेला, लालसर डाग दिसला तर आधी त्याच्याकडे बघा. रात्री उशिरा अंधारात टॉर्च मारून बघितलं की रंगेहाथ सापडतो. (त्याला काढून नदीत किंवा तलावात सोडू नका मात्र. तो आपल्याकडचा मासा नाही, तिथे टिकतो, वाढतो आणि स्थानिक माशांची जागा खातो. दुकानात परत द्या.)

तिसरं, परजीवी. गोल्डफिश हे बहुतेक शेततळ्यासारख्या मोठ्या तळ्यांत वाढवलेले असतात, चेन्नईचं कोळत्तूर किंवा हावडा-कोलकात्याकडून येणारा माल असतो, आणि त्याबरोबर कधीकधी अँकर वर्म येतो. लाल फोडाच्या मधून अर्धा-एक सेंटीमीटरचा पांढरट-हिरवट दोरा लोंबताना दिसेल, टोकाला दोन फाटे असतील. तो दिसला तर ही साधी जखम नाही, त्याचं पुढे सांगतो.

४. वेगळा टब

मुख्य टँकमध्ये औषध टाकायचं नाही, एवढा एक नियम पाळलात तरी निम्मे मासे वाचतील. फिल्टरमधे जे चांगले जिवाणू अमोनिया पचवतात ते बऱ्याच औषधांनी मरतात, मिथिलीन ब्लूने तर नक्की, आणि मग टँकमधला अमोनिया वाढून सगळेच आजारी. शिवाय ती निळी शाई काचा जोडणाऱ्या सिलिकॉनमध्ये बसते ती कायमची.

टबला फार काही लागत नाही. २०-२५ लिटरचा साबण न लागलेला प्लॅस्टिकचा टब किंवा मोठी बादली, एक एअर पंप, छोटा स्पंज फिल्टर, वर जाळी कारण आजारी मासा पण उडी मारतो. वाळू, दगड, झाडं काही नको, तळ मोकळा ठेवा म्हणजे विष्ठा दिसते आणि लगेच काढता येते. फार तर प्लॅस्टिकच्या पाईपचा एक गुळगुळीत तुकडा, लपायला. टब भरायला अर्धं पाणी मुख्य टँकमधलंच घ्या, जर टेस्ट चांगली आली असेल तर. जागा शांत हवी, टीव्हीच्या बाजूला नको, आणि स्वयंपाकघरात फोडणीच्या धुरात पण नको. घरात झुरळांची फवारणी होणार असेल तर टब दुसऱ्याच घरी हलवा, त्या औषधांतली बरीचशी माशांना अगदी थेंबभराने मारतात.

मासा जाळीने पकडू नका. जाळीच्या गाठींनी उरलासुरला चिकट थर पण निघतो आणि खवले अडकतात. जाळीने त्याला फक्त कोपऱ्यात वळवा आणि पाण्याखाली धरलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात पाण्यासकट घ्या.

टबमध्ये रोज ३० ते ४० टक्के पाणी बदलायचं. रोज म्हणजे रोज. नव्या टबच्या फिल्टरमध्ये जिवाणू नसतात, त्यामुळे पाणी न बदलता औषध चालू ठेवलं तर मासा औषधात बरा होत असतो आणि अमोनियात मरत असतो, दोन्ही एकाच वेळी.

५. मीठ

गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात साधारण ०.९ टक्के क्षार असतात, बाहेरच्या पाण्यात जवळजवळ काहीच नसतात, त्यामुळे पाणी सतत त्याच्या अंगात शिरत असतं आणि तो ते लघवीवाटे बाहेर फेकत असतो. हे चोवीस तासांचं काम आहे त्याचं. जखम झाली म्हणजे भिंतीला भोक पडलं, पाणी जास्त शिरतं, क्षार बाहेर जातात, मासा त्यातच दमतो. पाण्यात थोडं मीठ घातलं की हा फरक कमी होतो आणि वाचलेली ताकद जखम भरायला लागते. मीठ म्हणजे जंतुनाशक म्हणून घालतो असं लोकांना वाटतं, ते काम पण थोडंफार होतं, पण मुख्य फायदा हा.

जाडं मीठ घ्या, किराणा दुकानातलं साधं खडे मीठ, ज्यात गाठी न होण्यासाठीची पावडर नाही असं. सैंधव, काळं मीठ वगैरे प्रयोग नकोत. प्रमाण लिटरला १ ग्रॅमपासून सुरू करून ३ ग्रॅमपर्यंत. २० लिटरच्या टबला पहिल्या दिवशी २० ग्रॅम, दुसऱ्या दिवशी अजून २०, म्हणजे लिटरला २ ग्रॅम झालं, साध्या जखमेला तेवढं पुरतं. चमच्याने मोजू नका, किचनचा वजनकाटा वापरा, जाड्या मिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा यात बराच फरक पडतो. टबमधलंच मगभर पाणी घेऊन त्यात मीठ पूर्ण विरघळवा आणि दोन-तीन वेळा करून, माशापासून लांब, हळूहळू ओता. खडा माशाच्या अंगावर पडला तर भाजल्यासारखा डाग पडतो.

आता इथे एक गोष्ट सगळ्यांची चुकते. मीठ उडून जात नाही. पाणी आटलं तरी मीठ टबमध्येच असतं. म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागी साधं पाणी घालायचं, आणि ८ लिटर काढून ८ लिटर नवीन भरलं तर फक्त त्या ८ लिटरचं मीठ घालायचं, म्हणजे १६ ग्रॅम. रोज ४० ग्रॅम घालत राहिलात तर चार दिवसांत लोणचं.

मॉलीला मीठ आवडतंच, गोल्डफिश, गप्पी आणि फायटरला चालतं. कोरी कॅटफिश, लोच आणि बऱ्याच टेट्रांना जपून, लिटरला १ ग्रॅमच्या वर जाऊ नका. झाडं असलेल्या टँकमध्ये नकोच.

६. औषध लागणार का, आणि कुठलं

दोन-तीन दिवस स्वच्छ पाणी आणि मीठ झाल्यावर फोटो शेजारी ठेवून बघा. जखमेची कड साफ दिसतेय, लाली कमी होतेय, वर पातळ धुरकट पापुद्रा आलाय? छान, ती नवीन कातडी आहे, तिला बुरशी समजून औषध ओतू नका. फाटलेल्या शेपटीच्या कडेला पारदर्शक झालर दिसली तर ती पण नवीन वाढ आहे. गोल्डफिशच्या अंगावर काळे डाग उमटले तर बहुतेकदा ती अमोनियाने भाजलेली जागा बरी होत असल्याची खूण असते. अशा वेळी काहीही करू नका, फक्त पाणी बदलत रहा.

बिघडत असेल तर काय दिसतंय त्यावर ठरवा.

जखमेवर कापसासारखे पांढरे, बाहेर आलेले, पाण्यात हलणारे तंतू असतील तर ती बुरशी. हिला मात्र निळी बाटली, म्हणजे मिथिलीन ब्लू, खरंच लागू पडते. बाटलीवर लिहिलंय तेवढंच, टबमध्ये, आणि पाणी बदललं की बदललेल्या पाण्यापुरतंच परत. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर काढून ठेवा, तो औषध शोषून घेतो.

पांढरट-करडा किंवा पिवळसर, चपटा, अंगाला चिकटलेला थर असेल, तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगीर टाकल्यासारखा, आणि सकाळपेक्षा संध्याकाळी मोठा दिसत असेल तर ती बुरशी नाही, तो कॉलमनॅरिस नावाचा जिवाणूचा आजार. नवीन माणूस इथेच फसतो, कारण दोन्ही पांढरं. मिथिलीन ब्लूवर भरवसा ठेवून इथे दोन दिवस घालवले तर मासा जातो. याला जिवाणूवरचं औषध लागतं, आणि पाणी गरम करायचं नाही, उबेत हा आजार जोर धरतो. २४-२५ अंशांवर ठेवा, हवा भरपूर द्या.

शेपटी-परांच्या कडा लाल, चिंध्या झालेल्या आणि मुळाकडे सरकतायत, किंवा जखमेचा खड्डा होत चाललाय, तर तेही जिवाणूच.

साखरेच्या दाण्याएवढे सुटे पांढरे ठिपके सगळ्या अंगावर असतील तर तो इक, ही जखमच नाही. इकचे जंतू पाण्यात पसरलेले असतात आणि औषध त्यांना फक्त पाण्यात मोकळे पोहत असतानाच मारतं, म्हणून वर जो नियम सांगितला तो इथे मोडायचा आणि उपचार मुख्य टँकवरच करायचा, तापमान रोज एक-दोन अंशांनी चढवत ३० पर्यंत, मीठ किंवा इकचं औषध, आणि ठिपके गेले तरी लगेच थांबायचं नाही, एकूण दहा-बारा दिवस तरी चालू ठेवायचं. झाडं किंवा मिठाला नाजूक मासे असतील तर मिठाऐवजी औषध.

आणि जिवाणूवरचं औषध म्हणजे मेडिकलमधून टेट्रासायक्लिनची कॅप्सूल आणून फोडायची असं नाही. एकतर ही औषधं चिठ्ठीवर द्यायची असतात. दुसरं, ती बोअरच्या जड पाण्यात नीट चालत नाहीत, पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यांना धरून बसतं, उजेडात पण खराब होतात, म्हणून "पिवळी पावडर टाकली तरी काही झालं नाही" असं होतं. तिसरं, अर्धवट डोस देऊन सोडलं की उरलेले जंतू पुढच्या वेळी ऐकत नाहीत. प्राण्यांच्या डॉक्टरांत माशांचं बघणारे कमी आहेत, आधी फोन करून विचारा. रत्नागिरीचं शिरगाव, नागपूर, उदगीर इथे मत्स्य महाविद्यालयं आहेत, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, तिथे माशांचे आजार हा शिकवण्याचा विषय आहे, कुणी ओळखीचं असेल तर विचारायला लाजू नका.

एका वेळी एकच औषध. दोन मिसळली की काय झालं हे नंतर कुणालाच कळत नाही. डोस काढताना पाण्याचे लिटर खरे काढा, लांबी गुणिले रुंदी गुणिले पाण्याची उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले १०००. दोन बाय एक बाय एक फुटी टँक कागदावर ५४-५६ लिटरचा होतो, पण वाळू आणि वरची मोकळी जागा धरून पाणी ४५ च्या आसपासच असतं.

७. अंगावर लावायचं औषध, फक्त मोठ्या माशाला

चार इंचांपेक्षा मोठा गोल्डफिश, ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्न असेल तरच. गप्पी-मॉलीला हातात घेणं हेच जखमेपेक्षा मोठं संकट. पोव्हिडोन आयोडीनचं साधं द्रावण घ्या (साबणवालं स्क्रब नको, मलम पण नको), एक भाग त्यात नऊ भाग पाणी. टबच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडावर मासा ठेवा, डोळ्यांवर त्याच कापडाची घडी टाका म्हणजे शांत होतो, इअरबडने फक्त जखमेवर एकदा टेकवा, चोळायचं नाही, आणि कल्ल्यांपासून लांब. मासा तिरका धरलात तर ओघळ कल्ल्यात जातो, त्यामुळे डोकं जरा वर. सगळं अर्ध्या मिनिटात आटपलं पाहिजे, म्हणून आधी सगळं काढून ठेवा, दोन माणसं असतील तर बरं.

अँकर वर्म पण असाच काढायचा, चिमट्याने अगदी कातडीजवळ धरून सावकाश सरळ ओढायचा, मधे तुटला तर डोकं आतच राहतं. मग त्या जागेवर आयोडीन. पण त्याची पिल्लं पाण्यात असतात, त्यामुळे इकसारखा इथेही तो नियम मोडून मुख्य टँकला परजीवीचं औषध लागणारच, पाकिटावर सांगितलेल्या अंतराने परत परत, एकदा टाकून भागत नाही.

हळद लावायचा मोह होतो सगळ्यांना. ती पाण्यात विरघळत नाही, तिचे कण कल्ल्यात जाऊन बसतात, त्यामुळे नको. कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी किती कडक झालंय हे मोजायला काही साधन नाही, म्हणून तेही नको. देशी बदामाचं (इंडियन आल्मंड) वाळलेलं पान मात्र फायटरच्या टबमध्ये टाकलं तर हरकत नाही, पाणी चहासारखं तपकिरी आणि जरा आम्लधर्मी होतं, फायटरला ते मानवतं.

८. रोजचं काम

पहिला दिवस उपाशी ठेवा, काही होत नाही. नंतर दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं, उरलं की लगेच काढा. औषध, मीठ आणि गरम पाणी तिन्हींमुळे पाण्यातली हवा कमी होते, त्यामुळे पंप चोवीस तास. गावाकडे लोडशेडिंग असेल तर बॅटरीवरचा छोटा पंप ठेवा, तोही नसेल तर दर थोड्या वेळाने मगाने टबचंच पाणी वीतभर उंचीवरून परत टबमध्ये ओतत रहा, हे दिसायला खुळचट आहे पण रात्र निघते.

खवले उभे राहून पोट फुगलं असेल तर आतले अवयव गेलेले असतात, क्वचितच वाचतो. खाणं पूर्ण बंद, आडवा पडलाय, जखम आतपर्यंत गेलीय, असं दोन-चार दिवस राहिलं तर त्याला तसं झिजवत ठेवण्यात अर्थ नाही. लवंगेचं तेल लिटरला ०.४ मिली, आधी बाटलीत कोमट पाण्यात जोरात हलवून दुधाळ करायचं, छोट्या डब्यातल्या पाण्यात थोडं ओतायचं, मासा गुंगीत आडवा झाला की उरलेलं. कल्ले थांबल्यावरही किमान दहा मिनिटं तसाच ठेवायचा. फ्रीजरमध्ये ठेवणं किंवा जिवंत फ्लश करणं, दोन्ही करू नका. नंतर कुंडीत खोल पुरा.

बरा होत असेल तर जखम बंद झाल्यावरही तीन-चार दिवस टबमध्ये ठेवा, मग रोज बदलायच्या पाण्यात मीठ घालणं बंद करा म्हणजे ते आपोआप उतरत जातं. खवला यायला काही आठवडे लागतात, कधी वेगळ्या रंगाचा येतो, त्याची काळजी करू नका. मुख्य टँकमध्ये परत सोडायच्या आधी ती कड असलेली सजावट आणि तो कुरतडणारा शेजारी बाहेर गेलेत ना हे बघा, सजावट जराशी हलवून ठेवा म्हणजे जुन्यांच्या जागा पण बदलतात आणि परत आलेल्यावर सगळे तुटून पडत नाहीत, लाईट बंद करून संध्याकाळी सोडा. टबचं औषधाचं पाणी बाथरूमच्या मोरीत जाऊ दे, विहिरीत किंवा ओढ्यात नाही. टब, जाळी, पाईप धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा, आणि औषधाच्या बाटलीवर मुदत संपायची तारीख काय आहे ते आत्ताच मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.